‘सोडवणे’ हा शब्द धरून पवित्र शास्त्र कसं वाचावं

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या पुण्यातल्या घोरपडीच्या घरी सात-आठ जणी पवित्र शास्त्र घेऊन बसतात. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून हे चालू आहे, म्हणून सगळ्या मला अजून ‘बाई’च म्हणतात. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस जवळ आले की कोणीतरी हमखास विचारतं, “बाई, येशूने आपल्या पापांसाठी प्राण दिला हे संडे स्कूलपासून पाठ आहे. पण म्हणजे नेमकं झालं काय?”

पूर्वी मी सरळ रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडायचे. दोन ओळींत कृपा, नीतिमत्त्व, मुक्ती, प्रायश्चित्त असे चार जड शब्द अंगावर यायचे आणि सगळ्या माना डोलवून घरी जायच्या. आता मी आधी आईच्या पाटल्यांची गोष्ट सांगते.

१९७४ साल. वडील आजारी पडून आठ महिने घरी होते. आईने दोन पाटल्या रविवार पेठेत एका सराफाकडे गहाण ठेवल्या, आठशे रुपयांवर. व्याज चढत गेलं, मुदत संपत आली, आणि त्या आता मोडीत जाणार हे तिने मनाशी धरलं होतं. मग नेवाशाहून मामा एसटीने आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, नुसतं कानावर गेलं होतं. दुभती गाय विकून त्याने पैसे आणले होते. मी आईचा पदर धरून दुकानात गेले होते. सराफाने लाल फडक्याची पुरचुंडी सोडली, तराजूत वजन करून दाखवलं, चिठ्ठी फाडली. आईने पाटली उचलून उजेडाकडे धरली आणि आतल्या बाजूचा एक पोचा अंगठ्याने चाचपला. जात्याच्या खुंट्यावर आपटून पडलेला तो पोचा तिच्या ओळखीचा होता. “ह्या माझ्याच,” एवढंच म्हणाली. मामाने तिला नवीन काही घेऊन दिलं नव्हतं. तिचंच तिला परत मिळवून दिलं होतं.

मराठीत याला आपण ‘सोडवणं’ म्हणतो. गहाण सोडवतो, जमीन सोडवतो, अडकलेल्या माणसाला सोडवतो. तारण समजून घ्यायला हा शब्द पहिल्या दिवसापासून हातात ठेवा. आणि ‘तारण’ तरी काय? बँकेत कर्जापोटी ठेवतात ते तारण, आणि देव माणसाला पापातून सोडवतो तेही तारण. आपली भाषा इथे आपल्या बाजूने आहे.

आता वाचायला कसं बसायचं ते. सहा-सात आठवडे हाताशी ठेवा. मराठी पवित्र शास्त्र, एक शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, पेन्सिलच. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: काय अडकलं आहे, कोण सोडवायला आलं आणि त्याचं नातं काय, काय मोजावं लागलं. प्रत्येक उतारा वाचून झाला की हे तीन रकाने भरायचे. एखादा रिकामा राहिला तर तसाच ठेवा, पुढचा उतारा तो भरतो.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. माझा अनुभव असा की तिथून निघालेली माणसं निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, फळ्या मोजता मोजता थकतात. पहिल्या आठवड्यात लेवीय पुस्तकाचा २५ वा अध्याय वाचा, ओवी २३ ते शेवटपर्यंत. कायदा रुक्ष वाटतो, पण आपल्या गावाकडचाच वाटेल. भाऊ गरीब झाला आणि त्याने वतन विकलं, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ते सोडवावं. भाऊ स्वतःच विकला गेला, तर काका, चुलतभाऊ किंवा कुळातल्या कोणी त्याला सोडवावं. कोणीच नसेल तर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, तो सुटेल. या सोडवणाऱ्या नातलगाला इब्री (हिब्रू) भाषेत ‘गोएल’ म्हणतात. वहीच्या पहिल्या पानावर हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा.

लिहायला सांगते त्याला कारण आहे. आपल्या मराठी शास्त्रात तोच शब्द वेगवेगळे कपडे घालून येतो. रूथच्या पुस्तकात ‘सोडवणे’ म्हणून येतो. सगळं गमावलेला ईयोब राखेत बसून “माझा उद्धारक जिवंत आहे” म्हणतो, तिथेही मूळ शब्द गोएलच आहे. आणि यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढे देव स्वतःला वारंवार इस्राएलाचा गोएल म्हणवतो. मराठीत वाचताना हा धागा तुटल्यासारखा वाटतो, म्हणून सोडवणे, उद्धार, मुक्ती, खंडणी (सुटकेचं मोल) यांतला कोणताही शब्द दिसला की खाली पेन्सिलीने रेघ ओढा.

त्याच आठवड्यात रूथ वाचून काढा, चारच अध्याय आहेत. चौथ्या अध्यायात मात्र घाई नको. रूथच्या सासरचा नातलग बवाज वेशीत बसतो, दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि आपल्यापेक्षा जवळच्या नातलगाला विचारतो, वतन सोडवतोस का? तो आधी हो म्हणतो. सोबत परक्या मवाब देशाची विधवा रूथही येते हे कळताच, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो आणि पायातलं पायतण काढून देतो. हा माणूस दुष्ट नाही. हिशेब करणारा आहे, आणि हिशेब करणाऱ्याला सोडवणं परवडत नाही. सोडवणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: नातं, ऐपत आणि मन. त्या पहिल्या नातलगाकडे दोनच होत्या. हे वाक्य वहीत उतरवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसऱ्या आठवड्यात मागे या, निर्गम ६ आणि १२. इथे इस्राएलांचं अख्खं राष्ट्र मिसरात (इजिप्तमध्ये) फारो राजाच्या विटांच्या भट्टीत अडकलं आहे, आणि सहाव्या ओवीत देव म्हणतो की मी हात पुढे करून तुम्हांला सोडवीन. शब्द पुन्हा गोएलच्याच घरातला. बाराव्या अध्यायात निर्दोष कोकरू, एजोब नावाच्या झुडपाची जुडी, दाराच्या चौकटीला रक्त. एक विनंती: वल्हांडण, म्हणजे या सुटकेची आठवण करणारा ज्यूंचा सण, हा नुसता आपल्या धड्यातला दाखला आहे अशा सुरात बोलू नका. कॅम्पातल्या लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, आपण हजारदा जातो. मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू या गावात राहतात, आणि हा सण आधी त्यांचा आहे. त्यांच्या घरातली ठेव आपण वाचतो आहोत, म्हणून हात स्वच्छ धुऊन उघडावी.

तिसऱ्या रकान्यात इथे बहुतेक जणी अडतात. देवाने मिसर देशातून सोडवलं, तर फारोला काय दिलं? काहीच नाही. हा प्रश्न तसाच राहू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तिसरा आठवडा लेवीय १६, प्रायश्चित्ताचा दिवस. दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या. एकाचा बळी होतो आणि त्याचं रक्त पडद्याआड दयासनापुढे, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणापुढे, शिंपडलं जातं. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो आणि तो बकरा रानात सोडला जातो. दोन का, हे एकमेकींना विचारा. मला वाटतं, पाप दोन तऱ्हांनी चिकटतं. एक, देवापुढे डाग उरतो. दुसरं, माफी मिळाल्यावरही ते आपल्या अंगणात फिरत राहतं. लोकांना तो बकरा ठिपका होऊन दिसेनासा होताना पाहायची गरज होती. आणि पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा करावं लागे, हेही तिसऱ्या रकान्यात लिहा.

चौथ्या आठवड्यात स्तोत्र ४९ आणि होशेय ३. स्तोत्रात लिहिलं आहे की कोणाही माणसाला आपल्या भावाच्या जिवाची खंडणी देवाला भरून देता येत नाही, ती फार मोठी आहे. मामाने पाटल्या सोडवल्या त्यानंतर दीड वर्षाने वडील गेले. गाय विकून सोडवण्यासारखं ते नव्हतं. आई हे स्तोत्र वाचायची आणि सातव्या ओवीवर थांबायची. बरेच दिवस तिथेच थांबायची. पंधराव्या ओवीपर्यंत ती कधी पोहोचली मला माहीत नाही, पण तिच्या शास्त्रात त्या ओवीखाली शाईची रेघ आहे: देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील. तुमच्या गटात कोणी नुकतंच माणूस गमावलं असेल तर दोन्ही ओव्या एकाच बैठकीत वाचा. सातवीवर बैठक संपवून कोणाला घरी पाठवू नका.

होशेय ३ अवघ्या पाच ओव्यांचा आहे. होशेय संदेष्ट्याची बायको सोडून गेली आहे, कुणाच्या तरी ताब्यात आहे. होशेय तिला पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर जव देऊन परत घेतो. आपलीच बायको विकत घेतो! इथे आमच्या बैठकीत हटकून शांतता पसरते.

आता नवा करार. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. स्तोत्र ४९ ची न भरलेली ओळ शेजारी ठेवून हे वाचा. मग योहान १९: तहानलेल्या येशूच्या तोंडाला आंब लावली ती एजोबाच्या काठीवरून, आणि त्याचं हाड मोडलं गेलं नाही, जसं वल्हांडणाच्या कोकराचं मोडायचं नसतं. मग लूक २४. येशू गेल्यावर अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य खिन्न होऊन सांगतात, इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच अशी आम्हांला आशा होती. हे ते त्यालाच, मेलेल्यांतून उठलेल्या येशूला, न ओळखता सांगत असतात.

इथे मागे ठेवलेला प्रश्न काढा. खंडणी भरली, पण कोणाला? ख्रिस्ती मंडळीत यावर जुना वाद आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताने सैतानाचं नाव घेतलं. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते मुळीच सोसलं नाही. चोराला खंडणी देव का देईल, असा त्याचा रोख. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म म्हणाला की माणूस देवाच्या मानाचं देणं लागत होता आणि ते देणं ख्रिस्ताने फेडलं. तिन्ही मतं गटासमोर ठेवा. माझं विचाराल तर मी फारोकडे बोट दाखवते. त्याला एक छदाम मिळाला नाही, तरी शास्त्र त्याला सोडवणंच म्हणतं. यशया ५२:३ तर म्हणतो, तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशावाचून सुटाल. मोल घेणारा कोण याच्या शोधापेक्षा मोल देणाऱ्याचं काय गेलं हे पाहावं. १ पेत्र १:१८-१९ तेच सांगतं: सोन्यारुप्याने नव्हे, तर निर्दोष कोकरासारख्या ख्रिस्ताच्या रक्ताने.

पत्रांमधून भराभर गेलं तरी चालेल. रोम. ३:२५ ला थांबून एवढंच सांगा की ‘प्रायश्चित्त’ असं जिथे वाचतो तो ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी वापरला आहे. पडद्याआडची जागा चव्हाट्यावर, क्रूसावर आली. पण इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय पुरा वाचा. तिथे लिहिलं आहे की त्याला आपल्याला बंधू म्हणायची लाज वाटत नाही, आणि लेकरं रक्तमांसाची म्हणून तोही रक्तमांसाचा झाला. नाताळ आणि शुभ शुक्रवार इथे एकमेकांना भेटतात. सोडवायचं तर आधी नातलग व्हावं लागतं. वहीतला दुसरा रकाना, ज्यात रूथच्या वेळी “नातं, ऐपत, मन” लिहिलं होतं, तिथे परत जा.

‘मुक्ती’ म्हणजे फक्त मेल्यावरचं, असं कोणी म्हटलं तर केडगावचं नाव घ्या. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांना अन्न, अक्षर आणि हाताला काम दिलं, आणि त्या जागेचं नाव मुक्ती ठेवलं. त्याच रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरीपर्यंत पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. त्याच वेळी रोम. ८:२३ ही वाचा. आपल्या शरीराची मुक्ती अजून व्हायची आहे, तिची वाट पाहत आपण कण्हतो, असं प्रेषित पौल मोकळेपणाने लिहितो. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून वाचणाऱ्या आमच्या गटाला ही ओवी फार जवळची आहे.

शेवटच्या बुधवारी फिलेमोनास पत्र. एकच अध्याय, एकीने सलग मोठ्याने वाचावा. पळून गेलेला दास अनेसिम, आणि पौल त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो की तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. मग वहीचं शेवटचं पान उघडा आणि प्रत्येकीने, जो आपलं देणं लागतो अशा एकाचं नाव लिहा. पैसे असतील, शब्द असतील, जे असेल ते. कोणी कोणाचं पाहू नये. नंतर प्रभूची प्रार्थना म्हणा, पण नेहमीच्या वेगाने नको. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड” इथे सावकाश या. एकाच ओळीत ‘सोडणे’ दोनदा आहे.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने जावेचं नाव लिहिलं होतं, पुढे रक्कमसुद्धा. आमेन झाल्यावर ती थोडा वेळ पान धरून बसली, मग हळूच म्हणाली, “बाई, खोडरबर आहे का?”