सायकसवरच्या अळीभोवती मुंग्या? या चुका टाळा

सायकसला नवी पालवी फुटली की दोन-चार दिवसांत कोवळ्या पानांवर बारीक अळ्या दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती मुंग्या. अळी हिरवी असेल किंवा तांबूस-जांभळी, रंगावर जाऊ नका. मुंग्या अळीला खात आहेत असे समजून कुणी कुंडीभोवती खडूची रेघ ओढतो, कुणी फवारणी करतो. पहिली चूक इथेच होते.

ही अळी बहुधा प्लेन्स क्युपिड या चिमुकल्या निळ्या फुलपाखराची असते. त्याच्या म्हणजे नील कुळातल्या अनेक अळ्यांच्या पाठीवर, पोटाच्या सातव्या खंडावर, एक आडवी फट असते. मुंगीने मिशांनी हलके थापटले की त्या फटीतून गोड थेंब येतो. त्यात साखर असते, अमिनो आम्लेही असतात. आठव्या खंडावर दोन बाजूंना दोन नळ्या आत-बाहेर होतात. त्या बाहेर आल्या की मुंग्या एकदम सावध होऊन अळीभोवती धावू लागतात. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि परजीवी माश्या या गराड्यात सहसा शिरत नाहीत. मुंग्या हटवल्या की हा पहारा उठतो.

म्हणून आधी दहापट भिंग घ्या आणि दहा मिनिटे नुसते बघा. श्वास पानावर सोडू नका. त्याने मुंग्या बिथरतात आणि मग जे दिसते ते खरे नसते. मुंगी पाठीवर चढून मिशा वाजवते आहे आणि अळी निवांत खाते आहे, तर ती राखण आहे. जबडे कातडीत रुतलेत, अळी वळवळते आहे किंवा तिला ओढून नेले जाते आहे, तर ती शिकार आहे. जखमी आणि मरतुकड्या अळ्या मुंग्या उचलतातच, त्यावरून सगळ्या मुंग्यांना दोष देऊ नका.

दुसरी चूक डब्यात अळी पाळणाऱ्यांची: ‘मैत्री आहे ना’ म्हणून वाटेतल्या चार मुंग्या पकडून आत सोडणे. वारुळाची वाट तुटलेली, कोंडलेली मुंगी राखण करत नाही, चावते. प्लेन्स क्युपिडची अळी डब्यात मुंग्यांशिवाय नीट वाढते. तिथे खरा धोका ओलीचा असतो. तळाला टिपकागद घाला, विष्ठा रोज काढा, झाकणाला जाळी लावा. पान मात्र कोवळेच हवे. जून पान ही अळी खाऊ शकत नाही.

सायकसची पानेही वाचवायची असतील तर औषध लागत नाही. मादी अंडी फक्त कोवळ्या पालवीवर घालते. पालवीचे टोक दिसेल त्याच दिवशी त्यावर मच्छरदाणीचे कापड सैल बांधा आणि पाने कडक झाली की काढा. उशीर झाला तर अंडी जाळीच्या आतच राहतात. दोन कुंड्या असतील तर एक फुलपाखरांसाठी मोकळी सोडावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

मुंग्या दिसल्या म्हणजे अळी असणारच, असेही नाही. लिंबाच्या कोवळ्या फुटीवर त्या लाइम ब्लू या फुलपाखराच्या अळीसाठी येतात, तशाच माव्यासाठीही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मुंग्या दिसल्या की लगेच निंबोळी तेल मारले जाते. पण त्या पांढऱ्या कापसातला एखादा पुंजका हळूच सरकतो का, ते आधी पाहा. सरकला तर ती एपफ्लाय फुलपाखराची अळी असू शकते. ती पिठ्या ढेकूणच खाते आणि त्यांचेच मेण अंगावर वागवते. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तेलाने तुमचा हा मदतनीसही जातो.

कोकणात ऐनाच्या झाडावर ओंबिलांची, म्हणजे लाल मुंग्यांची, पानांची घरटी असतात. छाटणीआधी आसपासची कोवळी पाने तपासा. लार्ज ओकब्लू फुलपाखराच्या अळ्या या मुंग्यांच्या राखणीत वाढतात.

शेवटची चूक झाडलोटीची. अळ्या अचानक दिसेनाशा झाल्या म्हणजे मेल्या असे नाही. सायकसच्या बुंध्याशी, जुन्या देठांच्या खाचांत आणि खालच्या पालापाचोळ्यात कोष असतात, कधी मुंग्याही त्यांच्याजवळ घुटमळतात. निदान दोन आठवडे तो पाचोळा हलवू नका.