माणूस आपोआप चालतोय? मेकॅनिकल आणि अ‍ॅनालॉग गेमिंग कीबोर्डच्या या चुका टाळा

मागच्या गणपतीत रत्नागिरीला मावशीकडे गेलो, तर आरती उरकते न उरकते तोच मावसभावाने मला माडीवर ओढून नेलं. "दादा, कीबोर्ड झपाटलाय रे. हात लावत नाही तरी गडी चालतो." पाहिलं तर खरंच, पडद्यावरचा गडी भिंतीला नाक लावून चालतच सुटलेला. कीबोर्ड नवाकोरा, मॅग्नेटिक स्विचचा. परत पाठवायचा म्हणून खोकंसुद्धा माळ्यावरून काढून ठेवलं होतं. मी आधी सॉफ्टवेअर उघडायला लावलं: सगळी बटणं ०.१ मिलिमीटरवर, म्हणजे एवढं हललं तरी 'दाबलं' धरायचं. मग वाकून पाहिलं. कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले, आणि त्या फटीत फोन अर्धा सरकवलेला, पाठीवर चुंबकाची कडी असलेल्या कव्हरसकट. फोन ओढला, गडी थांबला.

तेव्हापासून कुणी विचारलं की एवढंच सांगतो: मेकॅनिकल कुरकुरला तर स्विच तपासा, अ‍ॅनालॉग कुरकुरला तर आधी सेटिंग आणि आजूबाजू तपासा. अ‍ॅनालॉग म्हणजे बटण किती खोल गेलं हे मोजणारा, जसा भावाचा मॅग्नेटिक. दोघांची दुखणी वेगळी, कारण बटण दाबल्याचं दोघांना वेगवेगळ्या वाटेने कळतं.

आधी ही वाट समजून घ्या

मेकॅनिकल स्विचच्या पोटात धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण ठरावीक खोलीपर्यंत गेलं की त्या एकमेकींना टेकतात आणि कीबोर्डला 'दाबलं' असं कळतं. चेरी एमएक्स रेड या जुन्याजाणत्या स्विचमध्ये ही जागा २ मिलिमीटरवर असते. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो. ही रेघ कारखान्यात मारलेली. ती तुम्हाला हलवता येत नाही, आणि माझ्या मते अर्ध्या लोकांसाठी तेच बरं आहे.

मॅग्नेटिक स्विचमध्ये पट्ट्याच नाहीत. दांडीत एक छोटं चुंबक आणि खालच्या सर्किट बोर्डवर एक सेन्सर. चुंबक जवळ येईल तसं सेन्सरला चुंबकीय क्षेत्र वाढल्याचं कळतं, आणि त्यावरून बटण किती खोल गेलं याचा सतत अंदाज मिळत राहतो. यामागचा हॉल परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला, आणि त्यावर चालणारे कीबोर्ड हनीवेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटीच बनवले होते. गेमिंगमध्ये बटणाची खोली मोजण्याची कल्पना नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने २०१६ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या संकेतस्थळावर आणली, गंमत म्हणजे तेव्हा चुंबकाने नाही, प्रकाशाने. २०१९ मध्ये स्टीलसीरीजचा अ‍ॅपेक्स प्रो आला, मग वूटिंग ६०एचई, आणि आता तर स्वस्तातले मॅग्नेटिक कीबोर्डही सर्रास मिळतात.

खोली मोजता येते म्हणूनच रॅपिड ट्रिगर जमतो. साध्या स्विचमध्ये बटण सोडल्याचं कळायला ते त्या रेघेच्या वर यावं लागतं. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट जरा वर उचललं की, बटण कुठेही असो, 'सोडलं' असं नोंदलं जातं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये चालताना गोळी भरकटते, आधी थांबावं लागतं. तिथे हा फरक खरोखर हाताला जाणवतो. शेतीच्या किंवा बुद्धिबळाच्या गेममध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: सगळं ०.१ वर

खोक्यावर ०.१ मिलिमीटर असं ठळक छापलेलं असतं. पैसे मोजलेत तर तोच आकडा लावायचा, असं माणसाला वाटतं. पण बटण वर असतं तेव्हा चुंबक सेन्सरपासून सगळ्यात लांब असतं. लांबवर क्षेत्र दुबळं असतं आणि थोड्या हालचालीने फारसं बदलतही नाही. म्हणजे सेन्सरचा अंदाज जिथे सगळ्यात कच्चा, नेमकी तिथेच आपण सगळ्यात बारीक रेघ मारतो. मग बोटाचं नुसतं वजन, टेबलाला बसलेला धक्का, जड कीकॅप (बटणावरची टोपी), फटीतला फोन, काहीही पुरतं.

याचा खरा त्रास मला खेळताना नाही, लिहिताना झाला. मी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करतो. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताची चार बोटं जिथे विसावतात, त्या ए, एस, डी, एफवर ओळीने ओकार, एकार, हलन्त आणि पहिली वेलांटी असते. रात्री खेळून झाल्यावर प्रोफाइल (सेटिंगचा संच) बदलायचं विसरलो आणि सकाळी ऑफिसला मेल गेला: 'उद्या काम् होईले.' इंग्रजीत एखादं 'एस' जास्त पडलं तर निदान सरळ दिसतं. मराठीत शेवटच्या अक्षराला गुपचूप मात्रा चिकटते आणि वाचणाऱ्याला वाटतं, याला शुद्धलेखन येत नाही.

माझी सध्याची मांडणी सांगतो, तुमच्या बोटांप्रमाणे बदला. खेळासाठी फक्त डब्ल्यू, ए, एस, डी ही चालण्याची चार बटणं ०.५ ते ०.८ वर, रॅपिड ट्रिगर ०.२ च्या आसपास. ग्रेनेड, अल्टिमेट (गड्याची खास ताकद) आणि जिथे चूक महाग पडते ती बटणं १.५ च्या खाली आणत नाही. टायपिंगचं प्रोफाइल वेगळं: सगळं २ मिलिमीटरवर, रॅपिड ट्रिगर बंद. प्रोफाइल बदलायचा शॉर्टकट पाठ करा, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा हवं तर.

तरीही बटण आपोआप दाबलं जात असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये खोली दाखवणारी पट्टी असते ती उघडा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा. पट्टी शून्यावर शांत असली पाहिजे. थरथरत असेल किंवा शून्याच्या वर अडकली असेल, तर आजूबाजूचं चुंबक हटवा: फोनचं कव्हर, स्पीकर, टॅब्लेटचं झाकण, चुंबकाच्या कडीचं ब्रेसलेट. मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे बटणाचं वरचं आणि तळाचं टोक कीबोर्डला पुन्हा शिकवा. ते करताना बटणं पेटीसारखी वाजवत सुटू नका. एकेक बटण सावकाश तळापर्यंत दाबायचं आणि पूर्ण वर येऊ द्यायचं. काही कीबोर्ड केबल लावल्याच्या क्षणीच 'शून्य' ठरवतात, तेव्हा त्या वेळी बटणावर बोट नको. ऋतू बदलला तरी पुन्हा एकदा करावं: चुंबकाची ताकद तापमानाबरोबर किंचित बदलते, आणि नागपूरच्या मे महिन्यातली दुपार व एसीची खोली यात बराच फरक आहे.

नावावर जाऊन खरेदी

इथे दुकानदारही गोंधळलेले असतात. 'मेकॅनिकल फील' लिहिलेला कीबोर्ड बहुतेक वेळा रबरी पडद्याचाच, म्हणजे मेम्ब्रेन असतो. 'ऑप्टिकल' म्हणजे अ‍ॅनालॉग असतोच असं नाही. पुष्कळ ऑप्टिकल स्विच प्रकाश अडला की 'हो' आणि नाही तर 'नाही' एवढंच सांगतात. आणि 'मॅग्नेटिक' म्हणजे रेघ हलवता येईल हे खरं, पण गाडीचं स्टिअरिंग कमी-जास्त वळवायला जॉयस्टिकसारखी माहिती तो कीबोर्ड गेमला पाठवेलच, याची खात्री नाही. रेसिंगसाठी घेत असाल तर नेमकं हेच विचारा: गेमपॅड म्हणून ओळखला जातो का? आणि सगळी बटणं मॅग्नेटिक आहेत का, हेही. पहिल्या अ‍ॅपेक्स प्रोमध्ये मधला मुख्य भाग तसा होता, बाकीची बटणं साधी मेकॅनिकल.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही. मॅग्नेटिक स्विच जवळपास सगळे लिनियर असतात, सरळ खाली घसरणारे. मेकॅनिकलमधल्या ब्लू स्विचचा टिकटिकाट किंवा ब्राउनचा मधला हलका अडथळा आवडणाऱ्या माणसाला ते मऊ लोण्यासारखे वाटतात, आणि दोन आठवड्यांनी तो जुना कीबोर्ड पुन्हा काढतो. असे दोघे मी पाहिलेत. घेण्याआधी एकदा कुणाचा तरी हाताळून बघा.

मेकॅनिकलवर एक अक्षर दोनदा

'घर' लिहायचं आणि 'घरर' उमटायचं. पट्ट्या टेकतात तेव्हा सूक्ष्म उसळ्या मारतात, त्या उसळ्या दुर्लक्षित करायला कीबोर्ड काही मिलिसेकंद थांबतो. त्याला डिबाउन्स म्हणतात. क्यूएमके या मोफत फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही वेळ मुळात ५ मिलिसेकंद असते. पट्ट्यांवर धूळ किंवा गंज चढला की उसळ्या लांबतात आणि ५ पुरत नाहीत. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी दमट हवा आहे, त्यात बंद खोलीत पावसाळाभर पडून राहिलेला कीबोर्ड हमखास असा वागतो.

लोक इथे एक चूक करतात: गेमिंग आहे म्हणून डिबाउन्स १ वर आणतात आणि मग कीबोर्डला शिव्या देतात. नोटपॅड उघडा, तेच बटण मोजून ५० वेळा दाबा आणि अक्षरं मोजा. ५० पेक्षा जास्त भरली तर डिबाउन्स ८ किंवा १० करून पाहा. तरी थांबलं नाही आणि कीबोर्ड हॉटस्वॅप (स्विच नुसते उपटून बदलता येणारा) असेल, तर तो स्विच चिमट्याने काढून कधी न लागणाऱ्या बटणाच्या जागी, म्हणजे समजा स्क्रोल लॉकला, बसवा. दोष स्विचबरोबर गेला तर शंभराच्या आतला स्विच बदलून काम भागतं. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड. बसवताना स्विचच्या दोन बारीक तांबूस पिना सरळ आहेत ना ते पाहा. 'नवीन स्विच चालतच नाही' या तक्रारीत बहुधा पिन आत दुमडलेली सापडते.

अ‍ॅनालॉगला पट्ट्याच नसल्याने हा रोग नाही. तिथे अक्षर दोनदा आलं तर रॅपिड ट्रिगर फार बारीक आहे: बोट बटणावर किंचित थरथरलं की कीबोर्ड सोडलं-दाबलं, सोडलं-दाबलं असं धरतो. तो ०.१ वरून ०.३ करा.

कुठलाही स्विच कुठेही

मेकॅनिकल स्विच मॅग्नेटिक बोर्डात बसवला तर काही होत नाही. दोन्ही चालवणारे मोजके कीबोर्ड सोडले, तर तिथे त्याला टेकायला विजेचं टोकच नसतं. त्याहून फसवं म्हणजे मॅग्नेटिकमध्ये दुसऱ्या जातीचा मॅग्नेटिक. चुंबकाचा कोणता ध्रुव खाली आणि त्याची ताकद किती, हे स्विचगणिक बदलतं. ध्रुव उलटा पडला तर दाबूनही खोली शून्य दिसते किंवा भलतीच. कंपनीने दिलेली चालणाऱ्या स्विचची यादी पाहा, सॉफ्टवेअरमध्ये त्या स्विचचं नाव निवडा आणि मग कॅलिब्रेट करा. नुसता स्विच बदलून तिसरी पायरी गाळणारे फार.

गेम गोंधळतो

अ‍ॅनालॉग मोड, म्हणजे गेमपॅडसारखी माहिती पाठवणं, चालू असताना डब्ल्यू दाबलं की गेमला दोन निरोप जातात: कीबोर्डचं डब्ल्यू आणि गेमपॅडची काठी पुढे. पडद्यावरच्या खुणा कीबोर्ड-गेमपॅड-कीबोर्ड अशा लुकलुकतात, माउस अडखळतो. उपाय दोनच. अ‍ॅनालॉग वापरायचं तर त्या प्रोफाइलमध्ये त्या बटणांचा कीबोर्ड निरोप बंद करा. गोळीबाराच्या गेममध्ये मात्र अ‍ॅनालॉग मोडच बंद ठेवा, तिथे रॅपिड ट्रिगर पुरतो.

दुसरा प्रकार: 'मॅच चालू असताना बाहेर काढलं.' ए आणि डी (डावीकडे आणि उजवीकडे) एकत्र दाबलं तर शेवटचं बटण मानायचं, अशी सोय रेझर कंपनीने २०२४ मध्ये स्नॅप टॅप या नावाने आणली, मग इतरांनीही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित हालचालीला मज्जाव केला, आढळली तर सामन्यातून काढतात. रॅपिड ट्रिगर आणि ही सोय एकच नाहीत, पण सॉफ्टवेअरमध्ये शेजारी-शेजारी असल्याने मुलं दोन्ही चालू करून बसतात. प्रत्येक गेमचा नियम पाहून मगच हात लावा.

वेबवरचं सॉफ्टवेअर कीबोर्ड ओळखत नाही

बऱ्याच कीबोर्डांची सेटिंग आता ब्राउझरमध्ये उघडते. ती क्रोम किंवा एजमध्ये उघडा. फायरफॉक्स आणि सफारी त्याला लागणारी सोय देत नाहीत. फर्मवेअर चढवताना यूएसबी हब नको, केबल थेट पीसीच्या मागच्या पोर्टला. आणि ८००० हर्ट्झचा मोह: १००० हर्ट्झला निरोप दर १ मिलिसेकंदाला जातो, ८००० ला दर ०.१२५ ला. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो चित्रच दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो. जुन्या प्रोसेसरवर ८००० लावून गेम अडखळत असेल तर १००० वर या. उरलेले पैसे मॉनिटरला ठेवा.

चहा सांडला

'मॅग्नेटिक आहे, पट्ट्या नाहीत, पाण्याने काही होत नाही' हे अर्धसत्य आहे. स्विच वाचेल, पण खालचा बोर्ड विजेचाच. सांडल्याबरोबर केबल उपटा, कीबोर्ड पालथा करा, 'चालतोय का बघू' म्हणून पुन्हा लावू नका. नुसतं पाणी असेल तर दोन-तीन दिवस पंख्याखाली. आपला साखरेचा चहा असेल तर सुकवून भागत नाही. साखर चिकटून राहते आणि बटणं अर्ध्यावर अडकतात. कीकॅप काढून कोमट पाण्यात धुवा, हॉटस्वॅप असेल तर स्विचही काढा, आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पुसा. मावशीने माडीवर चहा आणून ठेवला तेव्हा भावाने कप आधी खिडकीच्या कट्ट्यावर सरकवला, फोनच्या शेजारी.