व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि वॅट काढताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. माझ्याकडे रविवारी प्रॅक्टिकलला येणारी नववी-दहावीची मुलं तिथून मखरासाठी सुटे एलईडी, रेझिस्टर, १२ व्होल्टचा अडॅप्टर असं घेऊन येतात आणि वही उघडून हिशेब सुरू होतो. सूत्रं पाठ असतात. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. तरी उत्तर चुकतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: व्होल्टेज एका वस्तूचं घेतलेलं असतं आणि रेझिस्टन्स दुसऱ्याच वस्तूचा काढायचा असतो.

एलईडीचंच घ्या. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, करंट २० मिलिअँपिअर धरू. मुलं १२ भागिले ०.०२ करून ६०० ओहम लिहितात. पण १२ व्होल्ट अडॅप्टरचे आहेत, रेझिस्टरचे नाहीत. एलईडीचे ३ वजा केले की रेझिस्टरवर ९ उरतात. ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५० ओहम. दुकानात त्याच्या वरचा ४७० सहज मिळतो. ६०० लावला तर एलईडी जळत नाही, १५ मिलिअँपिअरवर पेटतो, म्हणून चूक लपून राहते. तीन एलईडी एका ओळीत जोडले की ती उघडी पडते. तेव्हा रेझिस्टरवर फक्त ३ व्होल्ट उरतात आणि ६०० ओहममधून जेमतेम ५ मिलिअँपिअर जातो. तिथे १५० ओहम हवा. वॅट काढतानाही हेच पाळा. एका एलईडीच्या रेझिस्टरवर ९ गुणिले ०.०२, म्हणजे ०.१८ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रेझिस्टर चालतो, पण चांगला तापतो. दहा दिवस पेटता राहणार असेल तर मी अर्ध्या वॅटचाच लावायला सांगते.

मिलिअँपिअरचा घोळ कायमचाच. १००० ने भागायचं विसरलं की रेझिस्टन्स अर्ध्या ओहमपेक्षाही कमी येतो. सोपी युक्ती अशी: व्होल्ट भागिले मिलिअँपिअर केलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं. ९ भागिले २०, ०.४५ किलोओहम.

आता गीझर. २३० व्होल्ट, २००० वॅट असं लेबल आहे आणि संध्याकाळी घरात व्होल्टेज २०० वर आलंय. करंट किती? २००० भागिले २००, म्हणजे १० अँपिअर, असं मोठी माणसंही सांगतात. 'व्होल्टेज पडलं की करंट वाढतो' हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. मोबाईलच्या चार्जरला ते लागू पडतं, गीझरच्या कॉइलला नाही. लेबलवरचे २००० वॅट फक्त २३० व्होल्टचे आहेत. त्या जोडीवरून आधी रेझिस्टन्स काढा: २३० चा वर्ग भागिले २०००, सुमारे २६.५ ओहम. कॉइलचा हा आकडा फारसा बदलत नाही. मग २०० व्होल्टला करंट साधारण ७.६ अँपिअर आणि पॉवर सुमारे १५०० वॅट. पाणी उशिरा तापतं ते यामुळे.

जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचं उलट आहे. मल्टिमीटरने थंड बल्ब मोजला तर ४० ओहमच्या आसपास दिसतो. त्यावरून हिशेब केला तर १३०० वॅट येतात आणि मुलं मीटरलाच दोष देतात. मीटर बरोबर असतो. पेटल्यावर तार पांढरी होईपर्यंत तापते आणि रेझिस्टन्स ५२९ ओहमवर जातो. थंड तारेचा ओहम आणि पेटलेल्या बल्बचं व्होल्टेज यांचा हिशेब एकत्र करू नका.

पंखा, ट्यूबलाइट, एलईडी बल्ब यांत व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट येत नाहीत, व्होल्ट-अँपिअर येतात. पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी जेवढा भाग खरे वॅट असतो त्या आकड्यानेही, गुणावं लागतं. म्हणून ९ वॅटच्या बल्बचा गुणाकार १५-१७ सुद्धा येऊ शकतो. बिलातलं युनिट मात्र वॅटवरच चालतं.

मोजताना एक गोष्ट प्राणाशी गाठ घालणारी आहे. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट असतो. ओहम मोजायचा तर सप्लाय काढून, शक्यतो वस्तूचं एक टोक सोडवून मोजा. घरातल्या २३० व्होल्टवर शिकणाऱ्याने मीटर लावूच नये. १२ व्होल्टवर सगळं शिकता येतं.

शेवटची चूक मखरापेक्षा मंडळाच्या मांडवात जास्त दिसते. २४ वॅटची एलईडी स्ट्रिप १२ व्होल्टला २ अँपिअर घेते. अडॅप्टर १० मीटर लांब आणि वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रेझिस्टन्स सुमारे ०.७८ ओहम होतो. २ अँपिअरला दीड व्होल्ट वायरमध्येच जातात. (व्होल्टेज पडल्यावर स्ट्रिप करंटही कमी ओढते, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून थोडी कमी दिसेल.) स्ट्रिप मंद पेटते, मुलं अडॅप्टर बदलून आणतात, तरी ती मंदच. स्ट्रिप पेटलेली असतानाच, वायर तिला जिथे जोडली आहे तिथे मीटर लावा आणि तेच व्होल्टेज हिशेबात धरा. मग एक तर जाड वायर घ्या, नाहीतर अडॅप्टर स्ट्रिपजवळ आणा आणि तिथपर्यंत २३० ची लाइन इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या.