स्वप्, द्रा, शी : झोपेचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

मराठी माध्यमातून शिकून पुढे नर्सिंग, फार्मसी किंवा वैद्यकीय शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्यांना लांबलचक इंग्रजी शब्दांची धास्ती वाटते. परळच्या एखाद्या रुग्णालयात ‘पॉलिसॉम्नोग्राफी’ हा शब्द समोर आला की घोकंपट्टीवाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा समज होतो. वास्तविक झोपेविषयीचे पुष्कळसे इंग्रजी शब्द ज्या लॅटिन आणि ग्रीक मुळांपासून आले आहेत, त्यांची संस्कृत भावंडे आपल्या मराठीत रोज वावरत असतात. या भाषांचा उगम एकच असावा, हे इंग्रज भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात जाहीरपणे मांडले होते. त्या नात्याचा उपयोग अभ्यासासाठी कसा करावा, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम वहीचे एक कोरे पान घ्यावे आणि शीर्षस्थानी ‘स्वप्’ हा धातू लिहावा. त्याखाली आपल्याला ठाऊक असलेले मराठी शब्द लिहावेत : स्वप्न, सुप्त, सुषुप्ती. मराठीत स्वप्न म्हणजे झोपेत दिसणारे दृश्य एवढाच अर्थ उरला असला, तरी संस्कृतात ‘स्वप्न’ या शब्दाचा अर्थ झोप असाही आहे, हे शेजारी नोंदवून ठेवावे. मग त्याच पानावर लॅटिन ‘सोम्नुस’ व ‘सोपोर’ आणि ग्रीक ‘हिप्नॉस’ हे तीन शब्द लिहावेत. तिन्ही शब्द याच कुळातले आहेत.

हे शब्द कानाला एकमेकांपासून दूरचे वाटतात, म्हणून त्यांच्यातील ध्वनिबदल समजून घेण्यासाठी थोडा वेळ अवश्य द्यावा. पुढची सारी स्मरणशक्ती त्यावरच उभी राहते. शालेय व्याकरणात जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ, अप् आणि मय मिळून अम्मय, असा अनुनासिक संधी आपण शिकतो. लॅटिनमध्ये नेमके तेच घडले : ‘प’नंतर ‘न’ आल्यामुळे ‘प’चा ‘म’ झाला आणि ‘सोम्नुस’ हे रूप तयार झाले. ‘सोपोर’मध्ये पुढे अनुनासिक नसल्याने ‘प’ जसाच्या तसा राहिला. ग्रीकचे कोडेही असेच सुटते. संस्कृतात संप्रसारणाने, म्हणजे ‘व’च्या जागी ‘उ’ येऊन, ‘स्वप्’चे ‘सुप्’ होते आणि त्यावरून ‘सुप्त’ बनते; ग्रीकमध्येही मुळातले ‘सुप्’ हेच रूप होते, फक्त शब्दारंभीच्या ‘स’चा तेथे ‘ह’ झाला. सप्त आणि ‘हेप्टॅगॉन’मधला हेप्टा, सर्प आणि ‘हर्पिस’ या जोड्या याच नियमाच्या आहेत.

आता इंग्रजी शब्द फोडायला घ्यावेत. फोडताना झोपेचा भाग अधोरेखित करून उरलेल्या भागाचा अर्थ वेगळा लिहावा. ‘इन्सॉम्निया’ म्हणजे झोपेचा अभाव, अर्थात निद्रानाश. ‘सॉम्नँब्युलिझम’मधील दुसरा भाग चालणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा आहे, आणि तोच ‘अँब्युलन्स’मध्येही आहे, म्हणून अर्थ झोपेत चालणे. ‘सॉम्निलोक्वी’ म्हणजे झोपेत बोलणे. अफूच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने 1753 साली दिलेले नाव ‘पापावेर सोम्निफेरम’ असे आहे; यातील ‘फेर’ हा आपल्या ‘भृ’ (वाहून आणणे) धातूचा भाऊ, तेव्हा नावाचा अर्थ होतो झोप आणणारे. आपल्या स्वयंपाकघरातली खसखस याच झाडाचे बी होय. ‘सॉपोरिफिक’चाही अर्थ झोप आणणारे असाच आहे. अगदी सुरुवातीची ती ‘पॉलिसॉम्नोग्राफी’ घेतली, तर पॉली म्हणजे अनेक आणि ग्राफी म्हणजे आलेखन. झोपेत मेंदू, श्वास, हृदय, डोळे यांच्या अनेक नोंदी एकाच वेळी घेणारी ती तपासणी आहे.

‘हिप्नॉटिक’ या शब्दापाशी मात्र विशेष सावध राहावे. औषधशास्त्रात तो शब्द झोप आणणाऱ्या औषधांसाठी आहे, आणि त्याचे भाषांतर ‘संमोहक’ असे करणे ही गंभीर चूक ठरते. संमोहनाचा अर्थ नंतर रूढ झाला. मँचेस्टरमधील शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी 1840च्या दशकात ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द प्रचारात आणला. झोपेचा अर्थ त्याआधीचा आहे.

दुसरे पान ‘द्रा’ धातूचे. निद्रा, निद्रिस्त हे आपले शब्द आणि लॅटिन ‘डोर्मिरे’ एकाच कुळातले आहेत. भूगोलाच्या पुस्तकातील निद्रिस्त ज्वालामुखीला इंग्रजीत ‘डॉर्मंट’ म्हणतात, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने नकळत सख्खे भावंडच शोधून दिले. बराच काळ व्यवहार न झालेल्या बँक खात्यालाही हाच शब्द लावतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर प्रवाशांच्या मुक्कामासाठी असलेली ‘डॉर्मिटरी’ही याच पानावर येईल.

तिसरे पान ‘शी’ धातूचे असून मला ते सर्वांत प्रिय आहे. शयन, शय्या, शय्येपासून आलेली शेज आणि देवळातील शेजारती ही मराठीची बाजू. ग्रीकमध्ये या ‘श’च्या जागी ‘क’ येतो, जसे आपले दश आणि त्यांचे डेका. आडवे होणे या अर्थाच्या क्रियापदापासून झोपवणे आणि त्यापासून झोपण्याची जागा या अर्थाचा ‘कोइमेटेरिऑन’ हा ग्रीक शब्द बनला. मृत्यू ही पुनरुत्थानापर्यंतची झोप आहे, या श्रद्धेने आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तो दफनभूमीसाठी स्वीकारला, आणि इंग्रजीत तो ‘सेमेटरी’ झाला. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीसाठी वापरला जाणारा हा इंग्रजी शब्द आणि आपली शेज असे एका धातूशी जाऊन मिळतात.

पाने भरू लागली की चुकीचे शब्दही त्यांत शिरू पाहतात. ‘सोमॅटिक’ आणि ‘क्रोमोसोम’ यांचा झोपेशी काहीही संबंध नाही; तेथे शरीर या अर्थाचा ग्रीक ‘सोमा’ आहे. ‘सोम’नंतर लगेच ‘न’ ऐकू आला, तरच तो शब्द पहिल्या पानावर घ्यावा. ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘हायपर’ म्हणजे अधिक. ही दोन्ही ‘हिप्नो’पासून वेगळी आहेत, तरी ‘हायपरसॉम्निया’मध्ये अतिझोप या अर्थाने हायपर आणि सोम्नुस एकत्र येतात. शंका असेल तेव्हा व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी कोश आणि आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश शेजारी ठेवून पाहावे.

‘कोमा’ हा गाढ झोप या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘नार्कोलेप्सी’मधील बधिरपणाचा अर्थ असलेला ‘नार्के’ या तीन पानांत बसवू नयेत. त्यांच्यासाठी चौथे पान राखावे. रुग्णाच्या नोंदीत ‘सॉम्नोलंट’ आणि ‘कोमॅटोज’ यांची गल्लत मुळीच चालत नाही : पहिला रुग्ण गुंगीत असतो, पण हाक मारल्यावर जागा होतो, दुसरा होत नाही.