वस्तीची सामायिक बाग उभी करताना

पुण्यात एखाद्या मोकळ्या जागेवर परिसरातल्या लोकांनी मिळून बाग करायचे ठरवले, तर कुदळ हाती घेण्याआधी ती जागा कोणाची आहे आणि कशासाठी राखलेली आहे, हे शोधून काढावे. आमच्या गल्लीने हे उलट्या क्रमाने केले. अळू आणि पालक चांगला वाढल्यावर कळले की भूखंड पाण्याच्या टाकीसाठी राखीव आहे, आणि एका सकाळी जेसीबीने सगळे वाफे सपाट केले. रोज पहाटे पाणी घालणाऱ्या आजी त्या वेळी रिकामी झारी हातात धरून उभ्या होत्या. म्हणूनच कागदांविषयी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

महापालिकेच्या विकास आराखड्यात आपल्या भागाचा नकाशा काढून त्या भूखंडावर कोणते आरक्षण आहे ते पाहावे. जागा सोसायटीची असेल तर मंजूर नकाशा तपासून सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा. मालकी स्पष्ट होत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो आणि 2005 च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे.

जागा महापालिकेची निघाली, तर क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान विभाग या दोन्हीकडे लेखी मागणी करावी. 'बाग हवी' एवढेच न लिहिता जागेचे माप, कुंपण, नळजोड आणि देखभाल कोण करणार हे नमूद करावे. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती नेऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्या शिक्क्यावरच चालतो. सह्या घेताना केवळ बंगल्यांची आणि सोसायट्यांची दारे वाजवू नयेत. शेजारच्या वस्तीतल्या बायकांना, रखवालदारांना आणि भाजीवाल्या मावशींनाही त्या जागेचे काय व्हावे हे विचारावे, कारण त्यांना वगळून झालेली बाग अखेर चार घरांची होऊन बसते. खर्चासाठी पुणे महापालिकेने 2006 मध्ये सुरू केलेल्या नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात काम सुचवता येते. त्याचे अर्ज कधी मागवतात, याची चौकशी पावसाळा सुरू होताच क्षेत्रीय कार्यालयात करावी.

परवानगी हाती आली की माती पाहावी. शहरातल्या पडीक जागेत फूटभर खणले की बहुधा राडारोडाच लागतो. विटांचे तुकडे आणि प्लास्टरचे खपले हातांनी वेचून काढावेत. त्यातल्या चुन्यामुळे आणि सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. तळ फारच खराब असेल तर विटांचे उंच वाफे करून त्यांत पालापाचोळा, शेणखत आणि चांगली माती यांचे थर द्यावेत. जानेवारी ते मार्च या काळात रस्त्यांवर पानांचा खच पडतो. तो जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावा आणि अधूनमधून शेणकाला शिंपडून ओलसर राखावा. जूनच्या पहिल्या पावसानंतर भेंडी, गवार आणि अळू लावायला हरकत नाही.

एप्रिल-मेमध्ये उत्साह आटतो, पाणीही आटते. त्यासाठी पाण्याच्या पाळ्यांची वही बागेतच टांगून ठेवावी, तीत रोज सही व्हावी आणि सुट्टीत गावी जाणाऱ्याने आपला बदली माणूस तीत आधीच लिहून जावे.