रेंज नसली तरी वर्गात क्यूआरचा व्हिडिओ चालवा

सांगोला-मंगळवेढ्याकडं वर्गात रेंज नसते, मग बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की नुसतं गोल गोल फिरत बसतं. (आणि पुस्तकात क्यूआर टाकायची आयडिया आपल्याच माढ्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतली बरं का!)

१. आदल्या रात्री घरच्या वायफायवर दीक्षा ॲप (सरकारचं शाळेच्या धड्यांचं ॲप) उघडा, धड्याचा क्यूआर स्कॅन करा. पान फाटलंय, स्कॅनच होईना तर खाली सहा अक्षरी कोड असतो तो टाईप करा, हे नवीन मॅडम-सरांना कुणी सांगतच नाही.
२. व्हिडिओ ॲपमध्येच डाउनलोड करा.
३. वर्गात नेट बंद ठेवूनच लावा.

फोन टीव्हीला जोडणार असाल तर आधी नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर फॅमिली ग्रुपचे मेसेज पोरं मोठ्यानं वाचतात.