खुबा दुखतोय? आपला धोका असा ओळखा

आधी दुखतंय तिथं बोट ठेवा. जांघेत दुखत असेल तर खुब्याच्या सांध्याचा संशय घ्यायचा. बाजूच्या हाडावर, कुशीवर झोपताना दुखत असेल तर तिथल्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या बहुधा दुखावलेल्या असतात. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल, तर मूळ बहुधा मणक्यात असतं. लहान मूल लंगडतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय, तर खुबाही तपासून घ्या, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं.

मग हालचाल पाहा. मांडी घालून बसता येतं का? पायताण घालायला वाकता येतं का? जोतिबाच्या पायऱ्या चढताना जांघ धरते का? या साध्या गोष्टी महिनाभरात अवघड झाल्या असतील तर लिहून ठेवा.

आता घेतलेली औषधं आठवा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. जास्त दिवस किंवा मोठ्या मात्रेत घेतलेलं स्टेरॉइड आणि भरपूर दारू यांमुळे हा पुरवठा तुटू शकतो. मग हाड आतून मरतं आणि खचतं. याला एव्हीएन म्हणतात. हा आजार ऐन तिशी-चाळिशीत गाठतो, अनेकदा दोन्ही बाजूंना. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. दम्याला, सांध्यांना ‘लगेच गुण येतो’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असू शकतं, म्हणून त्यांचीही आठवण डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड मात्र मनानं अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

पुढं काम आणि वजन. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास तिप्पट भार येतो, त्यामुळं कमी केलेला प्रत्येक किलो सांध्याला जाणवतो. वर्षानुवर्षं उसाच्या मोळ्या उचलणाऱ्यांचा सांधा लवकर झिजू शकतो. तालमीत किंवा फुटबॉलच्या मैदानावर कधी खुबा निखळला असेल, तर बसवल्यानंतरही पुढं एव्हीएनचा धोका राहतो.

घरात कुणाचा खुबा बदललाय का, हेही विचारा. स्वतः पायाळू जन्मलात का, हे आईला विचारा. पायाळू बाळांत, त्यातही पहिल्या मुलींत, सांधा जन्मतः उथळ असण्याची शक्यता जास्त असते. म्हणून तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नयेत. कडेवर पाय फाकून बसवणं चांगलं.

आजी-आजोबांसाठी पडणं हाच मोठा धोका. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, विडी-सिगारेटनं आणखी. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून न्हाणीत धरायला दांडा आणि रात्री दिवा हवाच. पडल्यावर पाय आखूड, बाहेर वळलेला दिसला आणि उभं राहता येईना, तर चोळू नका, ओढू नका. तसंच झोपवून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. ताप आणि खुब्याचं दुखणं दोन्ही एकदम आले, तरी त्याच दिवशी दाखवा.